नाव, गाव आणि परवाना : एका लुप्त टेनिस स्पर्धेचा इतिहास (१९९६–२०२३)

७ जानेवारी २०२३ रोजी पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरने फ्रान्सच्या बेंजामिन बोंझीला ४–६, ७–५, ६–३ असे हरवले. ग्रीकस्पूरचे एटीपी दौऱ्यावरील हे पहिले विजेतेपद होते. महाराष्ट्र ओपनची ती अखेरची लढत ठरली. २०२४ च्या जागतिक वेळापत्रकात ही स्पर्धा नव्हती, आणि तिच्याबरोबर दक्षिण आशियातील पुरुष टेनिसची दौरा-पातळीवरील एकुलती एक स्पर्धाही संपली होती.

या स्पर्धेचे वय किती, या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. पुण्यातील आयोजकांच्या आणि मराठी वृत्तपत्रांच्या हिशेबाने २०२३ ची स्पर्धा पाचवी होती : २०१८, २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३. महामारीमुळे २०२१ चे वर्ष रिकामे गेले. मात्र व्यावसायिक टेनिसच्या नोंदींत हीच स्पर्धा १९९६ मध्ये नवी दिल्लीत जन्मली, १९९७ मध्ये चेन्नईला गेली, तेथे २०१७ पर्यंत एकवीस वेळा झाली आणि मग पुण्यास आली. त्या हिशेबाने २०२३ ची आवृत्ती सत्ताविसावी होय. दोन्ही आकडे खरे आहेत. फरक एवढाच, की एक आकडा गावाचा आहे आणि दुसरा परवान्याचा. एखाद्या ग्रंथाची हस्तलिखिते निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या नावांनी सापडावीत आणि संपादकाने त्यांना एकच संहिता मानावे की स्वतंत्र कृती, असा पेच पडावा, तसेच काहीसे येथे घडले आहे. तौलनिक अभ्यासकाला हा पेच ओळखीचा वाटेल. क्रीडेतिहासाने मात्र तो बहुधा पेच म्हणून पाहिलेलाच नाही. विजेत्यांची यादी छापली, की त्याचे काम संपते.

भारतातील मोठ्या टेनिस स्पर्धेचे भटकेपण १९९६ मध्ये सुरू झालेले नाही. १९७० च्या दशकात ग्रां प्री मालिकेतील ‘इंडियन ओपन’ ही स्पर्धा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, बंगलोर अशी शहरे बदलत खेळवली जाई. १९७३ मध्ये दिल्लीत ती विजय अमृतराज यांनी जिंकली. त्या काळी स्पर्धेच्या नावात राष्ट्र होते आणि शहर दुय्यम. स्पर्धा कोणत्याही गावी झाली तरी ती ‘भारताची’च राही. याच दशकात भारतीय संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला (१९७४) आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार देऊन त्याने ती लढत सोडून दिली. राष्ट्राच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या टेनिसचा हा कदाचित सर्वोच्च क्षण असावा, आणि तो न खेळलेल्या सामन्याचा आहे.

१९९६ मध्ये परिस्थिती पालटलेली होती. उदारीकरणाला पाच वर्षे झाली होती, उपग्रह वाहिन्या घरोघरी पोहोचल्या होत्या, आणि जागतिक टेनिस ‘एटीपी’ या संघटनेच्या दौऱ्यात बांधले गेले होते. या दौऱ्याची रचना समजून घेतल्याखेरीज पुढचा इतिहास कळत नाही. वर्षाच्या प्रत्येक आठवड्यात जगात ठरावीक संख्येनेच स्पर्धा होतात. त्या आठवड्यातील जागेचा एक परवाना असतो. परवाना ज्याच्याकडे, त्याने शहर शोधायचे, स्थानिक संघटनेला यजमान करायचे, पुरस्कर्ता मिळवायचा. परवाना विकता येतो, भाड्याने देता येतो, दुसऱ्या देशात नेता येतो. शहराकडे उरते ते मैदान, प्रेक्षक आणि आठवणी. चेन्नईच्या स्पर्धेचे हक्क आयएमजी या क्रीडा-व्यवस्थापन संस्थेकडे होते. भारतातील तिचा कारभार पुढे आयएमजी-रिलायन्स या संयुक्त कंपनीकडे आला. तमिळनाडू टेनिस संघटना ही यजमान होती, मालक नव्हे. जुन्या भाषेत सांगायचे तर संघटनेकडे वहिवाट होती, वतन नव्हते.

नवी दिल्लीत १९९६ मध्ये स्वीडनच्या थॉमस एन्क्विस्टने पहिले विजेतेपद मिळवले. पुढल्याच वर्षी स्पर्धा नुंगम्बाक्कम येथील नव्या टेनिस स्टेडियमवर गेली. मद्रास शहराचे अधिकृत नामांतर १९९६ मध्ये झाले होते. म्हणजे स्पर्धा तेथे पोहोचली तेव्हा ‘चेन्नई’ हे नाव जगाच्या पाठीवर अजून नवखे होते. टेनिसच्या दौऱ्यावर प्रत्येक स्पर्धा शहराच्या नावानेच नोंदली जाते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील क्रीडापानांवर हे नवे नाव दर वर्षी एका आठवड्यापुरते तरी छापले जाऊ लागले. नामांतराच्या राजकारणाचा अभ्यास पाट्या, नकाशे आणि सरकारी राजपत्रे यांवर थांबतो. निकालपत्रकांकडे त्याचे लक्ष जात नाही. मुंबईच्या वाट्याला असे निकालपत्रक थोडाच काळ आले. हो ची मिन्ह सिटीहून निघालेला एक निराळा परवाना २००६ मध्ये मुंबईत पोहोचला आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात रशियाचा दिमित्री तुर्सुनोव जिंकला. २००७ मध्ये रिशार गास्के जिंकला. २००८ मध्ये ती स्पर्धा बंगलोरला व्हायची होती, ती सुरक्षेच्या कारणावरून रद्द झाली आणि पुन्हा आली नाही.

चेन्नईतील स्पर्धेचे पहिले नाव मात्र शहराचे नव्हते. ते ‘गोल्ड फ्लेक ओपन’ असे होते. आयटीसी कंपनीच्या सिगारेटचे नाव खेळाडूंच्या पाठीमागच्या फलकांवर झळके आणि छायाचित्रांतून जगभर जाई. श्वासाच्या खेळाला धुराचे नाव, ही विसंगती त्या काळी कोणाला फारशी खटकलेली दिसत नाही. भारतीय क्रिकेटही तेव्हा त्याच कंपनीच्या दुसऱ्या सिगारेटच्या नावाने खेळले जात होते. तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आणणारे विधेयक २००१ मध्ये पुढे आले, त्याच वर्षी आयटीसीने खेळांच्या पुरस्कारातून अंग काढून घेतले, आणि २००३ मध्ये कायदा झाला. स्पर्धा ‘टाटा ओपन’ झाली. टाटांचा करार संपल्यावर, २००५ मध्ये, तिला प्रथमच शहराचे निखळ नाव मिळाले : ‘चेन्नई ओपन’. पुढे त्याआधी ‘एअरसेल’ हे दूरध्वनी कंपनीचे नाव जोडले गेले. या कंपनीने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला; तोवर स्पर्धा चेन्नईतून गेलेली होती. तंबाखू, पोलाद-मोटारींचा उद्योगसमूह, मोबाइल दूरध्वनी अशी ही पुरस्कर्त्यांची ओळ म्हणजे दोन दशकांच्या भारतीय भांडवलाचा एक लहानसा आलेखच आहे.

सुरुवातीची काही वर्षे स्पर्धा एप्रिल-मेच्या उन्हात होई. चेन्नईच्या वैशाखात दोन-अडीच तास खेळणे ही परदेशी खेळाडूंना शिक्षाच होती. तरीही १९९८ मध्ये पॅट्रिक राफ्टर आला आणि जिंकला; आदल्याच वर्षी त्याने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकलेली होती. २००१ पासून स्पर्धा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आली, आणि तेथून तिचे खरे दिवस सुरू झाले. ऑस्ट्रेलियन स्पर्धेपूर्वी सराव हवा असलेले खेळाडू आता येऊ लागले. शहराच्या दृष्टीनेही हा काळ अनुकूल होता. मार्गळी महिन्यातील संगीतसभांचा हंगाम संपत आलेला, पोंगल तोंडावर, हवा सुसह्य. सकाळी सभेत कर्नाटक संगीत आणि संध्याकाळी नुंगम्बाक्कमला टेनिस असा दिनक्रम शक्य असलेले दुसरे शहर भारतात नव्हते.

मद्रासच्या टेनिसला परंपरा होतीच. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशा लागोपाठ दोन वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले होते. त्यांचे पुत्र रमेश आणि अमृतराज बंधू याच शहराचे. १९८० च्या दशकात अमृतराज कुटुंबाने येथे चालवलेल्या प्रबोधिनीत कलकत्त्याहून आलेला लिअँडर पेस घडला. पेसचे वडील गोव्याच्या घराण्यातले हॉकीपटू आणि मातुल घराणे मायकेल मधुसूदन दत्त यांच्या वंशातले. बंगाली महाकाव्याला निर्यमक छंद देणाऱ्या कवीचा वंशज दोनशे किलोमीटर वेगाच्या सर्व्हिसला जाळ्याजवळ उभा राहून उत्तर देतो, या योगायोगातून काहीही सिद्ध होत नाही. पण तो नोंदवण्याचा मोहही आवरत नाही. पेस आणि महेश भूपती या जोडीने दौऱ्यावरचे आपले पहिले विजेतेपद १९९७ मध्ये चेन्नईतच मिळवले, आणि १९९८, १९९९, २००२ व २०११ मध्येही येथील दुहेरी जिंकली. २००२ ते २०११ या नऊ वर्षांत त्यांचे किती वेळा बिनसले आणि किती वेळा जुळले, हे त्या काळची वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. चेन्नईच्या प्रेक्षकांनी दोघांनाही आपले मानले, हे विशेष. दोघांपैकी एकाचीही मातृभाषा तमिळ नव्हती.

एकेरीत मात्र सत्तावीस आवृत्त्यांत एकही भारतीय विजेता झाला नाही. अंतिम फेरीत पोहोचलेला एकमेव भारतीय म्हणजे २००९ मधील सोमदेव देववर्मन. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या पलीकडे असलेला, वाइल्ड कार्डवर प्रवेश मिळालेला हा खेळाडू. त्याने दोन वेळचा विजेता कार्लोस मोया याला हरवले, मग उंचापुरा इव्हो कार्लोविच याला हरवले. उपांत्य फेरीत रायनर शुट्लर दुखापतीमुळे उतरला नाही. अंतिम फेरीत क्रोएशियाच्या मारिन चिलिचने त्याला दोन सेटमध्ये रोखले. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याला तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. परदेशी खेळाडू भारतात आले, स्पर्धा झाली, आणि शेवटच्या दिवशी आसामात जन्मलेल्या, त्रिपुरी कुळातल्या, कलकत्ता आणि चेन्नई येथे वाढलेल्या तरुणासाठी तमिळ प्रेक्षक ओरडत होते. ‘प्रादेशिक’ हा शब्द या स्पर्धेला लावताना हे दृश्य विसरून चालणार नाही.

मोया याचे नाव चेन्नईत आदराने घेतले जाते, त्याला आणखी एक कारण आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने मरीना किनारा आणि कोरोमंडलची मच्छीमार गावे उद्ध्वस्त केली. त्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात स्पर्धा सुरू झाली. ती व्हावी की नाही, हा प्रश्न साधा नव्हता. मोया जिंकला आणि बक्षिसाची रक्कम त्याने आपद्ग्रस्तांना दिली. २००८ मधील त्याचा पराभवही लक्षात राहिला. उपांत्य फेरीत आपल्याच बेटावरच्या, वयाने दहा वर्षांनी लहान असलेल्या राफाएल नादालशी तो तीन तास चोपन्न मिनिटे खेळला. तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत गेले आणि अखेरीस नादाल जिंकला. दुसऱ्या दिवशी थकलेल्या नादालला मिखाईल यूझनीने ६–०, ६–१ असे धुऊन काढले. हाच नादाल २००४ मध्ये सतराव्या वर्षी टॉमी रोब्रेडोबरोबर येथील दुहेरी जिंकून गेला होता. स्वित्झर्लंडचा स्टॅन वावरिंका येथे चार वेळा जिंकला (२०११, २०१४ ते २०१६). २०१४ च्या विजयानंतर तीन आठवड्यांत तो ऑस्ट्रेलियन विजेता झाला. चेन्नईचे महत्त्व असे होते : मोठेपणाच्या उंबरठ्यावरचे खेळाडू तेथे दिसत. शेवटच्या वर्षी, २०१७ मध्ये, रॉबेर्तो बाउतिस्ता आगुत याच्याकडून अंतिम फेरीत हरलेला वीस वर्षांचा रशियन म्हणजे दानिल मेदवेदेव. दौऱ्यावरची त्याची ती पहिलीच अंतिम फेरी. त्याच वर्षी दुहेरीच्या अंतिम सामन्यात चारही खेळाडू भारतीय होते आणि विजेत्या जोडीतला जीवन नेदुंचेळियन चेन्नईचाच. जयललितांचे निधन आणि वर्दा चक्रीवादळ अशा दोन आघातांनंतर महिन्याभरातच झालेली ती स्पर्धा. सहा महिन्यांनी, जुलै २०१७ मध्ये, स्पर्धा पुण्याला जात असल्याची घोषणा झाली.

पुण्यात आल्यावर स्पर्धेचे जे नामकरण झाले, ते अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत रोचक आहे. तिला ‘पुणे ओपन’ म्हटले गेले नाही. राज्याचे नाव दिले गेले : ‘टाटा ओपन महाराष्ट्र’. राष्ट्र, मग शहर, मग राज्य, असा हा प्रवास. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना यजमान होती आणि राज्य शासनाचा पाठिंबा होता, हे त्याचे उघड कारण. परंतु जागतिक टेनिसच्या नकाशावर घटक राज्याचे नाव क्वचितच आढळते. परदेशी समालोचकांना ‘महाराष्ट्र’ हा शब्द उच्चारताना पडणारे कष्ट ऐकणे हा पाचही वर्षांचा एक वेगळाच कार्यक्रम होता. ज्या संकुलात हे घडले, ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले आणि शिवछत्रपतींच्या नावाचे. शहराचे नाव बाजूला, राज्याचे पुढे आणि संकुलावर राज्याच्या आद्य प्रतीकाचे नाव, अशी ही चिन्हांची मांडणी. तिचा मराठीशी संबंध किती होता, हा पुढचा प्रश्न.

नाव सोडल्यास स्पर्धेच्या अधिकृत व्यवहारात मराठीला फारसे स्थान नव्हते. पण एका ठिकाणी मराठी अपरिहार्य होती : वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर. पाच वर्षे मराठी दैनिकांना आपल्या दारातली जागतिक टेनिस स्पर्धा मराठीत सांगावी लागली. त्यासाठी लागणारी भाषा त्यांच्याजवळ आधीच तयार होती, आणि ती भाषा तपासण्यासारखी आहे. क्रिकेटला मराठीने एके काळी ‘चेंडूफळी’ असे घरचे नाव देऊन पाहिले, ते टिकले नाही. तरी बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांमुळे त्या खेळाचे आकाशवाणीवरचे मराठी रूढ झाले. टेनिसला असे घरचे नाव मराठीने कधी दिलेच नाही. तमिळमध्ये ‘वरिप्पंदाट्टम’ – ‘वरि’ म्हणजे रेघ, ‘पंदु’ म्हणजे चेंडू, ‘आट्टम’ म्हणजे खेळ – असा शुद्ध शब्द घडवला गेला आहे, पण वृत्तपत्रे ‘टेन्निस’च लिहितात. म्हणजे खेळाचे नाव दोन्ही भाषांनी परके ठेवले. मराठीने आपले काम आत, खेळाच्या अंगोपांगांत केले.

प्रतिस्पर्ध्याला स्पर्शही न करता येणाऱ्या सर्व्हिसला मराठी बातमीदार ‘बिनतोड सर्व्हिस’ म्हणतो. मराठीत बिनतोड असतो तो युक्तिवाद. ज्याला तोड नाही, उत्तर नाही, असा. वादसभेतला शब्द टेनिसकोर्टावर आला आहे, आणि तो इतका चपखल बसला आहे, की मूळ इंग्रजी संज्ञेतील पत्त्यांच्या एक्क्याची प्रतिमा त्यापुढे फिकी वाटते. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस ‘भेदली’ जाते, जशी तटबंदी भेदली जाते. ‘लढत’ आणि ‘झुंज’ हे शब्द रणांगणाचे आणि आखाड्याचे. ‘उपांत्य’ हा शब्द व्याकरणातला. शब्दातील शेवटून दुसऱ्या अक्षराची ती संज्ञा. खेळाडू न खेळता पुढच्या फेरीत गेला, तर त्याला ‘पुढे चाल’ मिळते, आणि येथे पट आहे सोंगट्यांचा किंवा बुद्धिबळाचा. २००९ मध्ये देववर्मनला अंतिम फेरीत नेणारी हीच पुढे चाल. स्पर्धेच्या आवृत्तीला ‘पर्व’ म्हणण्याची नवी रीतही याच काळात दृढ झाली. महाभारताच्या रचनेतला हा शब्द आता प्रत्येक लीगच्या हंगामाला लावला जातो, तेव्हा त्यातला गंभीर नाद हरवतो हे खरे. परंतु पुण्यातील पहिल्या स्पर्धेला ‘पहिले पर्व’ म्हणणे आणि चेन्नईची एकवीस वर्षे त्या एका शब्दाने नजरेआड होणे, हे केवळ शैलीचे प्रकरण राहत नाही. पर्व म्हटले, की ग्रंथ नवा.

‘ओपन’चे मराठी ‘खुली’. ‘अमेरिकन खुली टेनिस स्पर्धा’ हा प्रयोग जुना आहे. १९६८ मध्ये मोठ्या स्पर्धा हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही खेळाडूंना खुल्या झाल्या, त्या खुलेपणाचा हा अनुवाद. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात ‘खुला’ या शब्दाला दरम्यान दुसराच अर्थ चिकटला आणि ‘खुला प्रवर्ग’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी बसला. बहुधा म्हणूनच पुण्याच्या स्पर्धेला ‘महाराष्ट्र खुली’ म्हणण्याऐवजी ‘महाराष्ट्र ओपन’ म्हणणे बातमीदारांना सोपे गेले असावे. ही स्पर्धा तरी कितपत खुली होती? अठ्ठावीस जणांच्या मुख्य सोडतीत प्रवेश क्रमवारीने; पात्रता फेरीतून चौघे; आणि यजमानांच्या हाती तीन वाइल्ड कार्डे. भारतीय एकेरी खेळाडूंचा प्रवेश बहुधा या तीन कार्डांवर आणि पात्रता फेरीवर अवलंबून राही. आपल्या राज्याच्या नावाच्या स्पर्धेत आपल्या राज्याचा खेळाडू पाहुणा म्हणून उतरे. हे पाहुणेपण हटवायचे, तर देशात खालच्या पातळीच्या स्पर्धा वर्षभर हव्यात, हे प्रशिक्षक सांगत आले आहेत. शिखर आणले म्हणून पायथा तयार होत नाही.

मराठी भाषकांचे टेनिस आणि साहित्य यांचा एक जुना धागा येथे आठवतो. पंडिता क्षमाबाई राव (१८९०–१९५४) या पुण्यात जन्मल्या. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे अथर्ववेदाचे संपादक आणि तुकारामांच्या गाथेच्या इंदुप्रकाश आवृत्तीचे एक कर्ते. क्षमाबाईंनी गांधीजींच्या लढ्यावर ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य रचले, ते १९३२ मध्ये पॅरिसला छापले गेले. तुकाराम आणि रामदास यांची चरित्रेही त्यांनी संस्कृत पद्यात लिहिली. त्याच क्षमाबाई मुंबईच्या कोर्टांवर टेनिस गाजवीत होत्या. त्यांची कन्या लीला हिने १९३४ मध्ये विम्बल्डनला एक सामना जिंकला आणि असा विजय मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. पुढे लीलाबाईंनीही संस्कृत नाट्यलेखन केले आणि भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिला. टेनिसच्या नोंदवह्यांत या मायलेकींचे आडनाव ‘राव’ असे वाचता येत नाही, ते ‘रो’ असे वाचले जाईल अशा इंग्रजी वर्णांत लिहिलेले आहे. त्यामुळे मराठी वाचकाला त्या तेथे सापडत नाहीत आणि संस्कृतच्या अभ्यासकाला त्या तेथे असतील अशी शंकाही येत नाही. ‘महाराष्ट्र’ हे नाव धारण करणाऱ्या स्पर्धेने पाच वर्षांत या परंपरेला जागे केले असते, तर नावाला अर्थ आला असता. पण परवान्यावर चालणाऱ्या स्पर्धेला पूर्वज नसतात, आधीचे यजमान असतात.

पुण्यातील पाच आवृत्त्यांचा क्रीडाविषयक तपशील थोडक्यात सांगता येतो. २०१८ मध्ये जील सिमाँने केविन अँडरसनला हरवले. २०१९ मध्ये अँडरसनने कार्लोविचला ७–६, ६–७, ७–६ असे नमवले. पुण्यात झालेला हा सर्वांत आठवणीतला सामना, आणि त्याकडे पुन्हा यावे लागेल. २०२० पासून उताराचे दिवस दिसू लागले. त्या वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियात ‘एटीपी कप’ ही देशांची नवी सांघिक स्पर्धा सुरू झाली आणि पुण्याला आपला आठवडा सोडून फेब्रुवारीत जावे लागले. ऑस्ट्रेलियन स्पर्धा आटोपल्यावर युरोपातल्या बंदिस्त कोर्टांवर किंवा दक्षिण अमेरिकेतल्या मातीवर जाणाऱ्या खेळाडूंना मधेच पुण्याला येण्याचे कारण उरले नाही. २०२० मध्ये यिर्झी वेसेली जिंकला, २०२२ मध्ये ज्वाव सोझाने फिनलंडच्या एमिल रूसुवुओरीवर मात केली. एटीपी कप बंद झाल्यावर २०२३ मध्ये स्पर्धा पुन्हा जानेवारीत आली, ती शेवटची. भारतीयांचे यश येथेही दुहेरीतच : २०१९ मध्ये रोहन बोपण्णा व दिविज शरण, २०२२ मध्ये बोपण्णा व रामकुमार रामनाथन. रामकुमार चेन्नईचा. २०२३ च्या दुहेरीतील उपविजेते श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन हे दोघेही तमिळनाडूचे. स्पर्धा चेन्नईतून हलली, तरी चेन्नई स्पर्धेतून हलली नव्हती.

चेन्नईत ही स्पर्धा गेल्याची खंत राहिली, आणि तेथील संघटनेने तिच्यावर एक उपाय शोधला. सप्टेंबर २०२२ मध्ये नुंगम्बाक्कमला महिलांची डब्ल्यूटीए स्पर्धा झाली, आणि तिचे नाव पुन्हा ‘चेन्नई ओपन’ ठेवले गेले. परवाना वेगळा, खेळाडू वेगळ्या, संघटना वेगळी. नाव आणि गाव तेच. वंशावळीच्या दृष्टीने या दोन स्पर्धांचा काहीही संबंध नाही. प्रेक्षकांच्या दृष्टीने होता. बालेवाडीत फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘महा ओपन’ नावाने खालच्या श्रेणीची चॅलेंजर स्पर्धा भरवली गेली, ती याच जातीची. ‘महाराष्ट्र’ या नावातला ‘महा’ तेवढा मागे राहिला.

२०२४ च्या जानेवारीतील तो आठवडा हाँगकाँगला मिळाला. हाँगकाँगची स्वतःची पुरुषांची स्पर्धा १९७३ मध्ये सुरू झालेली आणि २००२ नंतर बंद पडलेली. त्यामुळे तेथे नव्याने आलेला आठवडा जुन्या स्पर्धेचे पुनरुज्जीवन म्हणून मोजला गेला. दिल्ली, चेन्नई आणि पुणे यांच्या सत्तावीस आवृत्त्या त्या इतिहासात शिरल्या नाहीत. वंश खुंटला म्हणावे, तर तो येथे. एक धागा मात्र आधीच विणला गेलेला होता. २०१९ मध्ये बालेवाडीत अंतिम सामना खेळणारा कार्लोविच एकोणचाळीस वर्षांचा होता. दौऱ्याच्या अंतिम फेरीत त्याच्याहून वयाने मोठा खेळाडू उतरल्याची मागची नोंद शोधताना सांख्यिकांना १९७७ पर्यंत जावे लागले : त्रेचाळीस वर्षांचा केन रोजवॉल, आणि स्पर्धा हाँगकाँगची.

७ जानेवारी २०२४ रोजी, बालेवाडीतील शेवटच्या सामन्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये आंद्रेई रुबलेवने अंतिम सामना ६–४, ६–४ असा जिंकला. हरलेला खेळाडू होता एमिल रूसुवुओरी.